सतराव्या सीलवरची रेघ

सीलं परत आली तेव्हा त्यांना कसलाच वास नव्हता.

चौदा महिने ती पलीकडच्या देशात, जमिनीखालच्या कोठारांच्या दारांवर लटकत होती. तांबं कुठंही इतके दिवस राहिलं की त्याला त्या जागेचा वास लागतो. तेलाचा, ओलीचा, निदान माणसांच्या हातांचा तरी. थोरल्या सुनेने पाकीट फोडून पहिलं सील सवयीने नाकाशी नेलं आणि ती चपापली. जिथं हवाच नाही अशा ठिकाणाहून ते आल्यासारखं वाटत होतं. तिने दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग तो नाद सोडून दिला आणि दिवा लावून कामाला बसली.

काम साधं होतं, तीन पिढ्या घरात तेच चाललं होतं. एका सीलला दोन टोप्या, कोटाच्या बटणाएवढ्या. खालच्या टोपीत कथलाचा थेंब पाडायचा, तो थिजला की त्यावर सुईने मनाला येतील तसे ओरखडे काढायचे, आणि त्यांचा फोटो काढून ठेवायचा. दाराच्या कड्यांतून तार ओवून टोप्या एकमेकींत दाबल्या की त्या कापल्याशिवाय उघडत नाहीत. सील परत आलं की टोपी कापायची आणि आतले ओरखडे फोटोशी ताडून बघायचे. जुळले तर दार कुणी उघडलेलं नाही. नाही जुळले तर कुणीतरी मूळ सील फोडून तिथं नक्कल लावली. आजोबांच्या काळी ही सीलं धान्याच्या गोदामांना लागत. आता ती अणुइंधनाच्या कोठारांना लागत होती, तरी घरात सगळे अजून त्याला गोदामाचं कामच म्हणत.

ही चोवीस सीलं थोरल्याच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातची शेवटची. पलीकडच्यांशी बोलणी नुकती सुरू झाली होती तेव्हा त्याने हा ट्रे सकाळी संपवला, तीन वाजता बायकोने फोटो काढले, ट्रे पेटीत गेला, पेटीला दोन कुलुपं लागली. साडेसहाला बसडेपोवर पलीकडून आलेलं क्षेपणास्त्र पडलं, आणि तो तिथं रांगेत उभा होता. बोलणी तीन आठवडे थांबली, मग पुन्हा सुरू झाली. आणि ज्यांनी त्याला मारलं त्यांच्याच कोठारांना त्याच्या हातची सीलं लागली. यावर काय बोलायचं ते घरात कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून कुणी बोलत नसे.

आज संध्याकाळी पाच वाजता आपल्या खात्याचे साहेब आणि पलीकडचा एक जाणकार असे दोघं मिळून तपासणीचा निकाल घ्यायला येणार होते. उद्या सभागृहात मतदान होतं. सीलं शाबूत निघाली तर बोलणी पुढे चालणार. एक जरी बनावट निघालं तर विमानं उडणार, हे गल्लीतल्या दूधवाल्यालाही माहीत होतं. म्हणून तर गल्ली रिकामी होती. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या आणि दारांना कुलुपं. मागं राहिलं होतं ते फक्त हे घर.

सोळा सीलं जुळली. सतरावं तिने भिंगाखाली ठेवलं, फोटो शेजारी ठेवला आणि मोजायला लागली. फोटोत आठ रेघा होत्या. सीलवर नऊ.

तिने पुन्हा मोजल्या. मग मोजणं थांबवून ती फक्त त्या नवव्या रेघेकडे बघत राहिली. रेघ खालून उजवीकडून निघून वर डावीकडे गेली होती, सुरुवातीला खोल, पुढे हलकी होत गेलेली, आणि टोकाला एक बारीक आकडा. डावखुऱ्या माणसाचा हात. वीस वर्षं तिने या हाताच्या रेघा भिंगाखाली बघितल्या होत्या. नक्कल करणारा रेघेची लांबी उतरवू शकतो, वाकण उतरवू शकतो, पण हाताचा भार त्याला उतरवता येत नाही. ही रेघ तिच्या नवऱ्याने ओढली होती. आणि फोटो काढला तेव्हा ती नव्हती.

तिला भीती वाटली. पण हे अर्धंच खरं. तिला आनंदही झाला, आणि त्या आनंदाची तिला जास्त भीती वाटली. पलीकडच्या त्या अंधाऱ्या खोलीत, बंद टोपीच्या आत, चौदा महिन्यांत कधीतरी त्याने एक रेघ ओढली असं तिच्या मनात आलं. शहाण्या बाईच्या मनात जे येऊ नये ते आलं आणि तिथंच बसून राहिलं.

धाकटा दीर चहाचे कप घेऊन आत आला, तिच्या चेहऱ्याकडे बघून कप खाली ठेवले आणि न विचारता भिंगाला डोळा लावला. कारखाना आता तोच बघायचा. बराच वेळ तो वाकून होता. वर आला तेव्हा त्याचा रंग उतरला होता, पण आवाज मात्र ठणठणीत होता.

त्याचं म्हणणं असं की यात विचार करण्यासारखं काही नाही. फोटोत नाही, सीलवर आहे, एवढंच लिहायचं. खोटं एक अक्षर नाही. पुढचं ज्याचं त्याने बघावं.

"भावजी, ही रेघ यांची आहे," ती म्हणाली.

तो म्हणाला, वहिनी, तुम्ही तीन रात्री झोपलेल्या नाहीत. नक्कल करणाऱ्याने दादाचा हात गिरवला, गिरवता गिरवता एक रेघ जास्त पडली. चोर कितीही हुशार असला तरी कुठंतरी चुकतोच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. धाकट्याला ती रेघ दिसली त्याच क्षणी एक दुपार आठवली होती. पेटीची एक किल्ली थोरल्याकडे असे. डेपोवरून त्याच्या वस्तू कागदी पिशवीतून आल्या तेव्हा तीही आली, आणि आईने ती स्वतःकडे ठेवून घेतली. दुसरी किल्ली धाकट्याची. ती खिशाबाहेर जाऊ द्यायची नाही हा नियम. त्या दिवसांत त्याला नियम आठवत नव्हते, किल्ली खिळ्याला लटकलेली असे. ट्रे जायच्या आधी चार दिवस तो भर दुपारी कारखान्यात आला तर आई दादाच्या बाकावर बसलेली, पेटी उघडी, आणि तिच्या तळहातावर एक सील. त्याने सील काढून घेतलं, जागेवर ठेवलं, दोन्ही कुलुपं लावली. तिच्या हातात सुई होती की नव्हती, हे त्याने बघितलं नाही. बघायचं टाळलं म्हणा. मग पेटीला कुणाचा हात लागलेला नाही अशा कागदावर सही केली आणि ट्रे पाठवून दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौदा महिने ती मूठ झाकलेलीच होती.

खरं लिहिलं तर कारखाना बंद, आणि आईचं नाव उद्या सभागृहात. त्याने मनातल्या मनात जमाखर्च मांडला आणि दादाच्या मारेकऱ्यांवर आळ जातोय यात त्याला काही वाईट दिसेना.

चार वाजायला आले तेव्हा ताई आली. या घरची मधली लेक, बोलण्यांमध्ये दुभाष्याचं काम करणारी. हे काम तिने घेतलं त्या दिवसापासून थोरलीने तिच्याशी अबोला धरला होता. माझ्या नवऱ्याला मारणाऱ्यांची जीभ व्हायला निघालात, एवढं एकच वाक्य ती तेव्हा म्हणाली होती. धाकटाही वहिनीच्या बाजूने. त्यामुळे ताई आली की दारातच जरा थांबे, जणू पाहुणी. आजही थांबली. पण आज थोरली उठली, तिला मनगटाला धरून भिंगापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या भावाचा हात तुम्ही ओळखाल का?"

ताईने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हो म्हणून मान हलवली.

तेवढ्यात भोंगा वाजला. रोज चारला चाचणीचा भोंगा वाजे, तीन मिनिटं. तिघंही तो संपायची वाट बघत उभे राहिले, बोलण्यात अर्थ नव्हता. भोंगा थांबला आणि रिकाम्या गल्लीवर शांतता पसरली. त्या शांततेत मागच्या खोलीतून एक बारीक आवाज आला. कर्र, मग थोडं थांबून पुन्हा कर्र. कथलावर सुई चालते तेव्हाच तसा आवाज येतो, आणि या घरात तो कुणालाही झोपेत ओळखता आला असता. मागच्या खोलीत आई दुपारची पडली होती. थोरलीने ताईचा हात घट्ट धरला. धाकटा म्हणाला, उंदीर असेल.

कुणी बघायला गेलं नाही. एक तास उरला होता आणि त्या तासात भांडण उरकायचं होतं.

ताईने धाकट्याला सांगितलं की तुझं ते वाक्य खरं असेल, पण मी ते तिकडच्या भाषेत वाचलं की बोलणी तिथंच संपली. तुझ्या एका वाक्यावर त्यांच्या गावांवर काय पडेल आणि उलटून आपल्यावर काय पडेल, याचा हिशेब तू केलास का? धाकटा म्हणाला, दादा रांगेत उभा होता तेव्हा त्यांनी हिशेब केला होता का? ताईने आपल्या कामाचा नियम सांगितला. ती एक शब्द वगळणार नाही, एक शब्द घालणार नाही. जे लिहिलं जाईल तेच वाचलं जाईल. म्हणून जे लिहायचं ते आधी नीट बघा.

मग ती थोरलीकडे वळली. "वहिनी, सही तुमची आहे. तुम्ही काय म्हणता?"

थोरली म्हणाली, त्यांनी सील फोडलं असेल तर मी ते लिहीन, आणि लिहिताना माझा हात थरथरणार नाही. पण हे त्यांनी केलेलं नाही. कुणी केलं ते मला माहीत नाही, आणि जे मला वाटतंय ते मला लिहिता येत नाही. धाकट्याने तिच्याकडे बघितलं. आजवर त्याच्या शेजारी उभी असलेली वहिनी आता टेबलाच्या पलीकडे ताईजवळ उभी होती.

मागच्या खोलीत आई जागी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. म्हातारी माणसं बहिरी झाली असं घरच्यांनी एकदा ठरवलं की त्यांना घरातलं सगळं ऐकू येतं.

तिच्या मांडीवर एका जुन्या डबीचं झाकण होतं, त्यात कथलाचा गोळा, आणि डाव्या हातात थोरल्याची सुई. ती डावखुरी आहे हे जिवंत असलेल्या कुणाला माहीत नव्हतं. सहा वर्षांची असताना माहेरचे तिचा डावा हात कापडाच्या पट्टीने कमरेशी बांधत, जेवतानाही आणि लिहितानाही, आणि वर्षभराने तो हात मुका झाला. तो मेला असंच तिला वाटत होतं. मग थोरला जन्मला आणि त्याने पहिला चमचा डाव्या हातात धरला. याचा हात कुणी बांधायचा नाही, एवढं तिने घरात सांगितलं, का ते सांगितलं नाही. तो पाच वर्षांचा असताना कारखान्यात कुणी नसेल तेव्हा त्याला सुई धरायला तिनेच शिकवलं, आपल्या डाव्या हातात त्याचा डावा हात घेऊन.

तो गेल्यावर हात पुन्हा जागा झाला. याची तिला पहिल्यांदा फार भीती वाटली. ती डाव्या कुशीवर झोपायची, हात अंगाखाली दाबून, तरी बोटं आपोआप हलायची. शेवटी तिने पेटी उघडली. आता दुपारी सगळे कामात असले की ती सुई घ्यायची आणि हाताला काय हवं ते करू द्यायची. त्या रेघा आपण ओढतो की तो, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नाही. बाहेर आता धाकटा आणि ताई एकमेकांना तोडून बोलत होती. गाड्यांची दारं वाजली. तिने झाकण बाजूला ठेवलं आणि चपला शोधायला लागली.

साहेब जाडजूड आणि घाईत होते. पलीकडचा जाणकार बारीक, साठीचा, धातूंच्या कामात जन्म गेलेला. त्याच्या स्वेटरचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. त्याने सगळ्यांना मान लववली, आणि नेमका थोरल्याच्या बाकापाशी जाऊन उभा राहिला, कारण उजेड तिथंच बरा पडतो. घरातल्या तिघांच्याही अंगावर काटा आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

उरलेली सातही तोवर ताडून झाली होती; सतरावं सोडून तेवीस सीलं जुळल्याचं थोरलीने सांगितलं. सतराव्यावर साहेबांची मान वर झाली. धाकट्याने आपलं वाक्य म्हटलं, फोटोत नाही, सीलवर आहे. ताईने ते तिकडच्या भाषेत सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पलीकडचा माणूस हळूच खाली बसला. साहेबांनी फोनकडे हात नेला. उद्याचं मतदान, परवाची विमानं, सगळं त्या खोलीत येऊन उभं राहिलं.

"ती रेघ माझी आहे," आई दारातून म्हणाली.

साहेब तिच्याशी वयस्कर बाईशी बोलतात तसं बोलायला लागले. आईने त्यांना बोलू दिलं आणि बाकाशी जाऊन बसली. कोरी टोपी आणि गरम कथील मागून घेतलं. थेंब थिजेपर्यंत ती थांबली. मग तिने डाव्या हातात सुई धरली आणि एक रेघ ओढली. तो आवाज ऐकून ताईने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने डोळे मिटून घेतले होते.

थोरलीने दोन्ही टोप्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. खालून उजवीकडून वर डावीकडे, आधी खोल, मग हलकी, आणि टोकाला आकडा. पाच मिनिटांपूर्वी ओढलेली आणि चौदा महिन्यांपूर्वी ओढलेली. सारं जग पलीकडे चोर शोधत होतं, आणि काखेत कळसा गावाला वळसा. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिचा नवरा दुसऱ्यांदा मेल्यासारखं तिला वाटलं. दुपारभर तो कुठंतरी होता, आणि आता नव्हता.

आई सांगत होती, साहेबांना नव्हे, सुनेला. "त्याच्या रेघांवरून सुई फिरवली की त्याचा हात हातात आल्यासारखा वाटायचा गं. एकदा रेघ संपली आणि सुई थांबली नाही."

ताईने हेही तिकडच्या भाषेत सांगितलं. जाणकाराने भिंगातून बघितलं, मग आईच्या हाताकडे बघितलं आणि नजर खाली केली.

धाकट्याने खिशातून आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली. पेटी उघडी कशी राहिली, आपण काय बघितलं आणि कसल्या कागदावर सही केली, हे त्याने एका दमात सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण आता चावून झाले होते. साहेबांनी किल्ली खिशात टाकली. तपासणी टिकेल, असं ते म्हणाले. टोपी शाबूत आहे, रेघेचा खुलासा झाला आहे. पण हा कारखाना आजपासून हे काम करणार नाही. धाकटा म्हणाला, बरं. तीन पिढ्यांचं काम एका शब्दात संपलं, आणि त्याचा चेहरा चौदा महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला.

राहिला निकालाचा कागद. थोरलीने तो पुढे ओढला. साहेबांनी मजकूर सांगायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, मजकूर मला माहीत आहे, मी दोन ओळी लिहिणार आहे. आणि तिने लिहिलं, सावकाश, एक ओळ झाल्यावर दुसरी:

'ही सीलं करणारा माणूस, माझा नवरा, ज्यांनी ही सीलं सांभाळली त्यांच्याच क्षेपणास्त्राने मारला गेला.

सतरावं सील शाबूत आहे. जास्तीची रेघ आमच्या घरात ओढली गेली.'

साहेबांनी वाचलं आणि घाम पुसला. पहिली ओळ खोडा, ते म्हणाले. त्यांच्या सरकारने ते क्षेपणास्त्र आपलं असल्याचं कधी मान्य केलेलं नाही, त्या ओळीखाली त्यांचा माणूस सही करणार नाही, आणि दोन सह्या नाहीत तर हा कागद रद्दी आहे. आईसाहेबांनी एवढं केलं ते वाया घालवू नका.

"दोन्ही खरं आहे," थोरली म्हणाली. "मला एकच लिहिता येणार नाही."

ताईने दोन्ही ओळींखाली त्या तिकडच्या भाषेत लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. जाणकाराने पहिली ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिने वाचली. तो बराच वेळ खिडकीवरच्या कागदी पट्ट्यांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, वय काय होतं. थोरलीने सांगितलं, सत्तेचाळीस. साहेब ताईला घाईघाईने म्हणाले, त्यांना सांग, हवं तर त्यांनी फक्त दुसऱ्या ओळीपुढे सही करावी, आम्ही चालवून घेऊ. परत गेल्यावर त्यांना याचा जाब द्यावा लागेल.

ताईने सांगितलं. त्याने दोन शब्दांत उत्तर दिलं.

"माहीत आहे म्हणतात," ताई म्हणाली.

त्याने पेन काढलं, कागद आपल्याकडे फिरवला आणि दोन्ही ओळींच्या खाली, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पसरेल अशी आपली पूर्ण सही केली. मग कागद उचलून थोरलीसमोर ठेवला आणि तिने सही करेपर्यंत तो उभा राहिला.